व्हिसाच्या आधी लागलेला फ्लेक्स

मी परदेशी शिकायला चाललेय हे माझ्या आधी कन्नड तालुक्याला कळलं. खरंच सांगते. रविवारची सकाळ, संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातलं आमचं घर, मी केसांना तेल चोपडून पोहे खात बसलेली, आणि फोन वाजायचा थांबेच ना. 'अभिनंदन ताई.' 'लेकीनं घराण्याचं नाव काढलं.' 'विमानात खिडकी मागून घे बरं का.' मी म्हटलं, ह्या लोकांना सकाळी सकाळी झालंय काय? मग एकानं फोटो पाठवला आणि पोह्यातला शेंगदाणा माझ्या घशातच अडकला.

फोटोत आमच्या गावाचा फाटा होता. कन्नडच्या अलीकडं, जिथं एसटी आणि जीपा थांबतात, तिथं एक चहाची टपरी आहे. टपरीच्या डोक्यावर दोन बांबू, बांबूंच्या मध्ये ताणून बांधलेला भलामोठा फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर मी.

'आमच्या कन्येची विदेश भरारी! पोर्तुगाल येथे उच्च शिक्षणासाठी रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर एका रांगेत तालुक्यातल्या मोठ्या लोकांचे गोल फोटो. खाली 'शुभेच्छुक' म्हणून गावातली झाडून सगळी पोरं, निम्मी गॉगल घालून, निम्मी फोन कानाला लावून. डाव्या कोपऱ्यात विमान. उजव्या कोपऱ्यात हातात मशाल धरलेली अमेरिकेतली ती बाई. आणि मधोमध, सगळ्यांपेक्षा मोठा, माझा व्हिसासाठी काढलेला फोटो.

त्या फोटोबद्दल सांगायलाच हवं. तो गुलमंडीतल्या एका स्टुडिओत काढला होता, पप्पांना सोबत घेऊन. तिथल्या फोटोग्राफरला व्हिसाच्या फोटोचे सगळे नियम तोंडपाठ. हसायचं नाही, दात दिसायचे नाहीत, केस कानामागं, मान सरळ. आता मला कुणी हसू नको म्हटलं की मला हसू आवरत नाही, हा माझा जन्माचा रोग आहे. मी फुसकन हसायचे, तो बिचारा कॅमेरा खाली करायचा. पुन्हा नीट उभी राहायचे, पुन्हा फुसकन. शेवटी पप्पाच कडाडले, "नीट उभी राहा, नायतर घरी चल!" आणि त्या ओरड्यानं माझा चेहरा जो पडला, तो त्यानं बरोब्बर टिपला. कोंबडी चोरताना सापडलेय असा फोटो आला. प्रिंटा गरजेपेक्षा जास्त निघाल्या. उरलेल्या पप्पांनी "असू दे, लागतात" म्हणून शर्टाच्या खिशात टाकल्या.

ती कोंबडीचोर आता टपरीएवढी होऊन कन्नडच्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत होती.

बरं, त्या रविवारी मी रवाना बिवाना काही होत नव्हते. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या कॉलेजचं पोर्तुगालच्या एका कॉलेजशी जमलेलं, एक सेमिस्टर तिकडं जाऊन शिकायचं, राहण्या-खाण्याचं तेच बघणार, आणि त्यात माझी निवड झाली, इथपर्यंत खरं. मुंबईला जाऊन बोटांचे ठसेही देऊन आले होते. पण व्हिसा आला नव्हता. आणि व्हिसाहून अवघड गोष्ट म्हणजे पप्पा अजून 'हो' म्हणाले नव्हते.

पप्पा म्हणाले होते, "बघू."

बाहेरच्या माणसाला ह्यातली गोम कळायची नाही. मांजर पाळू? बघू. मैत्रिणींसोबत गोव्याला जाऊ? बघू. पप्पांनी आयुष्यात मला 'नाही' म्हटलेलं नाही. ते 'बघू' म्हणतात आणि मग बघतच राहतात, गोष्ट आपोआप मरेपर्यंत. बारावीनंतर मला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली होती. तेव्हाही बघू. प्रवेशाचा शेवटचा दिवस आला, संध्याकाळ झाली, तिकडचं ऑफिस बंद झालं, पप्पा बघतच होते. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं. मग एक दिवस त्यांनी काही न बोलता माझ्या खोलीत नवा कूलर आणून बसवला. मी तो अख्ख्या उन्हाळ्यात एकदाही लावला नाही. घामानं निथळत पडून राहिले, पण बटण दाबलं नाही. असा माझा स्वभाव. पुण्याचा विषय मात्र त्यानंतर आमच्या घरात कुणी काढला नाही.

माणूस वाईट नाही हो. वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. साधा नटबोल्ट जागेवर दिसला नाही तरी त्यांना चैन पडत नाही, आणि मी तर एकुलती एक लेक. मला यायला जरा उशीर झाला की गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे. माझी स्कूटी दिसली की आपण दूध आणायलाच निघालो होतो असं दाखवत पुढं चालायला लागायचे, हातात पिशवी नसताना. असल्या माणसानं मला समुद्रापलीकडं सोडायचं म्हणजे केवढं अवघड, ते मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच भरवसा वाटत नव्हता. हे पोर्तुगाल पुण्याच्या वाटेनं गेलं असतं ना, तर मी नुसता कूलर बंद ठेवून गप्प बसले नसते.

आणि त्यात हा फ्लेक्स!

मी तेलकट हातानंच काकांना फोन लावला. काका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. गावाकडची शेती तेच बघतात. गावात कुणाचा वाढदिवस असो की कुणाच्या बैलाला बक्षीस मिळो, फ्लेक्स लावणार काकाच.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"आवडला का?" काका एकदम खूश. "कडक झालाय का नाय?"

"अहो, व्हिसा आलेला नाही माझा!"

"येतो की. न यायला काय झालं? तू काय कुणाची चोरी केली?"

"फोटोत तर तसंच दिसतंय! आणि ती अमेरिकेतली बाई कशाला घातली?"

"परदेश म्हणल्यावर कायतरी दाखवावं लागतंय ना. पोर्तुगालचं काय दाखवतेत, तूच सांग."

आर्किटेक्चर शिकत असून मला ऐनवेळी एक इमारत आठवेना. मग अजून चिडले. "ते जाऊ द्या. हा फोटो तुम्हाला दिला कुणी?"

"फोटो व्हय... फोटो काय, कुठंबी मिळतो आजकाल. नेटवर अस्तोय."

"माझा व्हिसाचा फोटो नेटवर?"

"अगं माय, म्हैस सुटली बघ! ठेवतो."

आई भाकरी थापता थापता हे ऐकत होती. तिनं पिठाच्या हातानं फोन घेतला, फ्लेक्स बघितला आणि परातीत डोकं घालून हसायला लागली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं हसणं थांबेना. मी म्हटलं, "आई, हसू नको, व्हिसा नाही आला तर मी तोंडावर पडेन, पप्पा आता काय करतील कुणास ठाऊक." तेवढ्यात पप्पा भाजी घेऊन आले.

आईनं फोन त्यांच्यासमोर धरला. मी मनातल्या मनात पोर्तुगालला रामराम ठोकला. पप्पांनी चष्मा वर केला, फोटो बोटांनी मोठा केला, कोपऱ्यातल्या विमानापर्यंत सगळं नीट बघितलं. "रंग बरा आलाय," म्हणाले. मेथीची जुडी आईच्या हातात दिली. मग चपला काढत म्हणाले, "आता लावलाच आहे, तर काढता थोडाच येतोय. लोक काय म्हणतील?"

मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. ह्या 'लोक काय म्हणतील'नं माझं जन्मभर वाटोळं केलेलं. त्याच्यापायी माझी पहिली जीन्स दोन वर्षं कपाटात पडून होती, त्याच्यापायी नाटकातलं माझं काम 'बघू'वरच राहिलं. आज पहिल्यांदा ते माझ्या बाजूनं उभं राहिलं होतं. मी बाथरूममध्ये गेले, नळ मोठा सोडला आणि मनसोक्त नाचले. पडले पण. काही वाटलं नाही.

मग जे सुरू झालं त्याला धरबंधच राहिला नाही. आमच्याकडं मुलगी घर सोडून लांब जाते ती एकाच कारणानं. त्यामुळं लोकांनी लग्नाचे सगळे सोपस्कार माझ्यावर उरकायला घेतले. गावाकडं लग्नाआधी नवरीला घरोघरी जेवायला बोलावतात, त्याला गडंगनेर म्हणतात. पहिलं गडंगनेर काकूनं केलं. पुरणपोळ्या, येसराची आमटी, कुरडया, भजी, आणि जेवण झाल्यावर पाटावर बसवून ओटी भरली.

"काकू, अगं माझं लग्न नाहीये."

"मंग काय झालं? घर सोडून चाललीस ना? रिकाम्या ओटीनं जाशील व्हय?"

त्यानंतर कुणी शेंगुळे केले, कुणी धपाटे, कुणी हुरड्याला बोलावलं. मी ब्लाउजपीस आणि नारळांनी लादली गेले. एका घरी नात्यातली एक म्हातारी आजी माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "जावई काय करतेत?"

"जावई नाही आजी."

"मंग कुणाकडं चाललीस?"

"कॉलेजकडं."

आजीनं जरा विचार केला. "दिसाया तरी बरं हाय का?"

"फोटोत तरी बरं दिसतंय," मी म्हटलं, आणि काकू हातातला तांब्या टाकून परसात पळाली.

कळस झाला तो गावच्या शाळेतल्या सत्कारात. पोरं रांगेत बसवलेली, पुढं बायका, स्टेजवर मी, शाल अन् नारळ. काका भाषणाला उभे राहिले. माईक ठोकून बघितला आणि म्हणाले, "ज्या पोर्तुगीजांनी इथं येऊन आपल्याला लई तरास दिला, त्यांच्याच घरात जाऊन आता आपली पोरगी राहणार हाय! त्यांच्याच हातचं खाणार हाय!" टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मला तो जन्माचा रोग उसळला. हसू दाबायला मी शाल तोंडावर ओढली, खांदे गदगदा हलायला लागले, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांना वाटलं पोरीला भरून आलं. मग त्याही रडायला लागल्या. मी हसतेय, त्या रडतायत, आणि पप्पा बाजूच्या खुर्चीत बसून एकटक समोरच्या भिंतीकडं बघतायत. मांडीवर माझे दोन नारळ, दोन्ही हातांनी घट्ट धरलेले.

घरी तयारीला ऊत आला होता. आमच्या शेजारी एक खाला राहतात, कपडे शिवतात. त्यांनी माझ्या सगळ्या पँटींना आतून पासपोर्टसाठी चोरखिसा शिवून दिला. "ऐसा सी दी मैं, चोर के अब्बा को बी नै मिलता," म्हणाल्या. मी घालून बघितलं तर मलाही मिळेना. आम्ही दोघी अर्धा तास माझाच खिसा शोधत होतो. खालांनी मशीनवर डोकं टेकलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

बॅग भरायचं खातं पप्पांनी घेतलं. न सांगता घेतलं. कंपनीतून आले की हातपाय धुवायचे आणि बॅगेपुढं मांडी घालून बसायचे. मोजे बुटांत, बूट पिशवीत, चटणीच्या पुड्या दोन-दोन पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मधोमध. काकांनी कापूस मोजायचा हुकाचा काटा पाठवला होता. तो दाराच्या चौकटीला अडकवून त्यावर बॅग टांगायची. वजन जास्त भरलं की पप्पा आईची लोणच्याची बरणी काढायचे. पप्पांची पाठ वळली की आई बरणी परत आत. पुन्हा टांगलं की पुन्हा जास्त. "ह्या बॅगेत वजन वाढतंय कसं?" पप्पा काट्यावरच चिडायचे आणि आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी.

भरता भरता ते काहीबाही विचारायचे. तिकडं दाराला कडी असते का? गॅस आपल्यासारखाच पेटतो का? रात्री कॉलेजातून यायला उशीर झाला तर? मी म्हणायचे, "पप्पा, मला काय माहीत, मी गेलेय कुठं अजून?" तर बुटांतले मोजे काढून त्यांची पुन्हा घडी घालायला लागायचे. एकदा त्यांनी मला नळाचा वायसर बदलायला शिकवला, एकदा प्लगची वायर जोडायला. मग एक छोटा स्क्रू ड्रायव्हर बॅगेच्या कप्प्यात ठेवला. "असू दे, लागतो."

एवढं सगळं चाललेलं, पण ते 'हो' काही म्हणाले नव्हते. मी मुद्दाम विचारायचे. "पप्पा, मी जाऊ ना?" ते बॅगेची चेन लावत म्हणायचे, "व्हिसा तर येऊ दे. बघू."

आणि व्हिसा येईना.

आधी वाटलं, येईल. मग जायचा दिवस जवळ आला तसं माझं हसू आटत चाललं. काय काय मनात यायचं! माझ्या जन्माच्या दाखल्यावर औरंगाबाद, पत्त्यावर छत्रपती संभाजीनगर. तिकडच्या साहेबाला वाटलं असेल का, ही पोरगी दोन शहरांत राहते? फोटो बघून तर त्यानं पोलिसात दिलं नसेल? आणि गल्लीत जो भेटेल तो विचारायचा, "अरे, गेली नाहीस अजून?" किराणा दुकानदार विचारायचा. पाण्याच्या जारवाला विचारायचा. मी स्कूटीवर नसतानाही तोंडाला स्कार्फ गुंडाळून पायी फिरायला लागले, नुसते डोळे उघडे. तरी खालांनी गच्चीवरून हाक मारलीच, "आया क्या तेरा कागज?"

मला सगळ्यात जास्त राग यायचा तो काकांचा. गावात कुणालाच माहीत नसतं, तर व्हिसा नसता आला तरी गुपचूप रडले असते. आता फाट्यावरून जाणारी प्रत्येक जीप मला बघत होती. एके दिवशी काकांचाच फोन आला, "आला का?" आणि माझा तोल गेला. नाही नाही ते बोलले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं चोंबडेपणा करायला? सगळ्या तालुक्यात माझं हसं करून ठेवलंत. आता व्हिसा नाही आला ना, तर त्याच बांबूला मी तुम्हाला बांधीन."

काका कधी ऐकून घेत नाहीत. त्या दिवशी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "दे, शिव्या दे. मला दे. पर दुसऱ्या कुणावर राग काढू नको, लेकरा." आणि फोन ठेवला. मला वाटलं, वरमले. बरं झालं.

कुरियरवाल्याचा फोन आला तेव्हा पप्पांना सुट्टी होती. त्याला आमची गल्ली सापडेना. मी एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात आईची, अशी चौकापर्यंत धावले. सही मी भलत्याच रकान्यात ठोकली, तर तो म्हणाला, "ताई, बसता का जरा?" पाकीट घरी आणलं, पण फाडायची हिंमत होईना. पप्पांनी घेतलं. कंपनीत खोकी उघडतात तसं, कडेकडेनं, आतल्या वस्तूला धक्का न लावता उघडलं. पासपोर्टची पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. त्या पानावर पुन्हा तीच कोंबडीचोर होती, छोटी, रंगीत शिक्क्याखाली.

मी काय किंचाळले! आईनं साखरेचा डबाच माझ्या तोंडात रिकामा केला. भिंतीपलीकडून खालांनी आरोळी ठोकली, "मुबारक!" मी पप्पांना मिठी मारून गरागरा फिरवलं, त्यांचा चष्मा उडाला. ते चष्मा शोधत खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "गावाला जाऊन येऊ उद्या. देवाला नारळ फोडू. आन तो फ्लेक्सबी उतरवू आता, ऊन लागून फाटायला आला असंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं फाट्यावर उतरलो तेव्हा काका शिडी लावून तयारच होते. फ्लेक्सचा रंग उडाला होता. अमेरिकेतल्या बाईची मशाल वाऱ्यानं फाटून लोंबत होती. मी मात्र होते तशीच, डोळे वटारून. मला काकांचं एकदम वाईट वाटलं. किती बोलले मी त्यांना! मी वाकून त्यांच्या पाया पडले.

"काका, माफ करा. तुम्ही हा लावला म्हणूनच मी चाललेय. नाहीतर पप्पांचं नेहमीचं बघू बघू चाललं असतं आणि माझं पुण्यासारखंच झालं असतं. तुम्ही पप्पांना बरोब्बर अडकवलंत."

काका शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होते. त्यांनी पप्पांकडं बघितलं. "दादा, सांगू का आता?"

"गप रे," पप्पा म्हणाले.

"आता कामून गप? व्हिसा आलाय. फुकट शिव्या खाल्ल्या मी पोरीच्या." काका माझ्याकडं वळले. "बाई, मी कशाला लावतोय हा फ्लेक्स? मला काय सपान पडलं हुतं? हा तुझ्या बापानं लावलाय. कामाला दांडी मारून एसटीनं आला हुता. खिशात तुझा फोटू. म्हणला, मोठा कर, पार रस्त्यावरून दिसला पायजे. आन म्हणला, पोरीला सांगू नको."

टपरीवाला पण हसत होता. म्हणजे त्याला सुद्धा माहीत होतं! मी आईकडं बघितलं. आईचं तोंड उघडंच. तिला नव्हतं माहीत.

"पप्पा?"

पप्पा फ्लेक्सच्या खालच्या दोरीची गाठ सोडत होते. गाठ सुटत नव्हती. माझ्याकडं न बघताच बोलले.

"माझं मला म्हायत नव्हतं का? ऐन वेळेला माझा पाय मागं आला असता. पुण्याच्या टायमाला आला तसा. मी काय वाईट म्हणून केलं का ते? तू तो कूलर लावला नाहीस अख्खा उन्हाळा. मी रोज रात्री ऐकायचो, चालू होतो का." गाठ सुटली. दोरी हाताला गुंडाळत राहिले. "म्हणून म्हणलं, आधी सगळ्यांला सांगून टाकावं. माझा माझ्यावर भरवसा नाय. लोकांला तोंड दाखवायचं म्हणून तरी पाठवीन."

मला रडायला येत होतं आणि वर ती कोंबडीचोर बघितली की हसायला येत होतं. दोन्ही एकदम आलं. नाकातून पाणी यायला लागलं. पप्पांच्या शर्टाला तोंड पुसलं तर खिशात काहीतरी कडक लागलं. उरलेल्या प्रिंटा, अजून तिथंच.

काकांना तो फ्लेक्स म्हशीच्या गोठ्यावर टाकायचा होता. "सावली बरी पडंल," म्हणाले. पप्पांनी दिला नाही. रस्त्याच्या कडेला पसरून, माझा चेहरा आत येईल अशी त्याची नीट घडी घातली, दोरीनं बांधला आणि काखेत मारला. "असू दे, लागतो."

जायच्या दिवशी चिकलठाण्याच्या विमानतळावर आमचं अर्धं गाव आलं होतं. काकांनी जीप भरून आणली होती. काकूनं शेवटची एक ओटी विमानतळाच्या दारातच भरली. खाला दुवा पुटपुटत माझ्यावर फुंकर घालत होत्या. आईनं लोणच्याची बरणी बॅगेत परत घातल्याचं मला कानात सांगितलं. मी इतकी उतावीळ झाले होते की जागच्या जागी उड्या मारत होते, पोलीसदादा म्हणाला, "मॅडम, पुढं चला." सगळ्यांच्या पाया पडले. पप्पा शेवटी. ते बॅगेचं हँडल सोडत नव्हते. मी हळूच त्यांची बोटं काढली.

"पप्पा, रोज फोन करीन. तुम्ही रात्री गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहू नका हां. मी काही तिथून येणार नाहीये. नाही ना राहणार उभे?"

पप्पांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"बघू," म्हणाले.